बडोद्याहून समुद्रकिनारी मेटल डिटेक्टर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्या बडोद्याच्या माणसाला समुद्र कळत नाही. विश्वामित्रीला पाणी चढलं की काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी जाऊन बघायचं, एवढंच आपलं जलज्ञान. सकाळी ज्या वाळूवर चादर टाकून आपण शेव-उसळीचा डबा उघडला, तिथे दुपारी कंबरभर पाणी असतं, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वलसाडजवळच्या तिथलच्या किनाऱ्यावर कळलं. त्याच दिवशी मेव्हण्याच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी लाटेत गेली.

पुढच्या रविवारी मी एका लग्नाच्या हॉलमधल्या गार्डकडून तपासणीचा दांडका उसना घेतला आणि परत तिथल गाठलं. खिशातली किल्ली शोधायला बनवलेला तो दांडका वाळूवर दोन तास फिरवला. लोकांची भरपूर करमणूक झाली. अंगठी मिळाली नाही, पण वेड लागलं. त्यानंतरच्या चार वर्षांत जे शिकलो ते खाली क्रमाने देतोय. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, तेव्हा त्या तुम्ही परत करायची गरज नाही.

१. मशीन घेण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण उड्या मारत पुढे जाऊ नका.

१८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे आपल्या भाषेत गुप्तधनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा रुपये ही रक्कम दीडशे वर्षांपूर्वीची आहे म्हणून हसू नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, दागिना ही पुरावस्तू. तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. सयाजीराव महाराजांचा मुखवटा असलेलं गायकवाडी नाणं तुमच्या कॉइलखाली (डिटेक्टरच्या खालच्या टोकाच्या चकतीखाली) आलं, तर त्याची शंभरी बहुधा भरलेली असणार, हे लक्षात ठेवा. नवसारी, अमरेली, ओखामंडळ हे सगळं कधीकाळी बडोदा संस्थानातच होतं, त्यामुळे असं नाणं किनाऱ्यावर निघणं काही अशक्य नाही.

तिसरी गोष्ट स्मारकांची. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे. स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. बांधकामासाठी आखलेल्या या रेषा आपणही पाळाव्यात आणि ३०० मीटरच्या आत मशीन बाहेरच काढू नये, असं माझं मत. नवं मशीन आलं की प्रत्येक बडोदेकराला पहिला मोह चांपानेरचा होतो. ते २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिकडे डिटेक्टर घेऊन फिरकूसुद्धा नका. तसंच जामनगरकडचं सागरी राष्ट्रीय उद्यान आणि द्वारका-बेट द्वारकेचा परिसर. पहिल्या ठिकाणी प्रवाळ आहेत, दुसऱ्या ठिकाणी पाण्याखाली पुरातत्त्वाचं काम झालेलं आहे. आपला तिथे काही संबंध नाही.

आपल्या अकोट्यातून १९५१ मध्ये ज्या जैन कांस्यमूर्ती निघाल्या, त्या आज कमाटीबागेतल्या संग्रहालयात बघायला मिळतात. एखादा रविवार तिथे घालवा. जमिनीतून निघालेली वस्तू भंगारवाल्याकडे न जाता संग्रहालयात गेली तर काय होतं, ते काचेपलीकडे समोरच दिसतं.

२. मशीन निवडताना खारं पाणी डोक्यात ठेवा

डिटेक्टरची कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे सूक्ष्म विद्युतप्रवाह उठतात आणि मशीन ते ऐकतं. घोळ असा, की मिठाचं पाणीही वीज वाहून नेतं. ओली खारी वाळू म्हणजे मशीनच्या दृष्टीने मैलभर पसरलेला पातळ धातूच. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन कोरड्या वाळूवर शहाण्यासारखं वागतं आणि पाण्याच्या कडेला गेलं की तापलेल्या तेलातल्या मोहरीसारखं तडतडायला लागतं.

त्यात तिथल आणि सुरतेजवळच्या डुमसची वाळू काळी. तिच्यात लोहयुक्त खनिजं असतात. मीठ एकीकडून ओढतं, लोह दुसरीकडून. गोव्यातल्या पांढऱ्या वाळूवरचे व्हिडिओ बघून मशीन घेतलंत तर इथे फसाल. मी फसलो.

मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून मिठाचा गोंधळ बराच वजा करतं. मायनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्टा लेजेंड ही त्या जातीची. पैसे जास्त पडतात, पण समुद्रासाठीच घ्यायचं असेल तर इथेच थांबा. पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय मशीन, मीठ आणि काळ्या वाळूला फारसं जुमानत नाही आणि खोलही जातं, पण खिळा आणि सोनं यात फरक सांगायला ते कच्चं. प्रत्येक आवाजाला खणायची तयारी असेल तरच पीआय.

वॉटरप्रूफ या शब्दाची फोड करून विचारा. काही मशीनची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. गॅरेट एस (ACE) २५० तसं आहे, आणि गुडघाभर पाण्यात एक लाट आली की त्याचा खेळ संपला. गॅरेट एटी प्रो किंवा इक्विनॉक्स ८०० ही मशीनं ३ मीटरपर्यंत बुडाली तरी चालतात. मात्र एटी प्रो एकाच फ्रिक्वेन्सीचं आहे, तेव्हा ओल्या वाळूवर त्याचे चोचले पुरवावे लागतात.

आणि एक सापळा. अँटेना लावलेल्या, "शंभर मीटरवरून सोनं दाखवणाऱ्या" काड्या ऑनलाइन विकायला असतात. ती शुद्ध फसवणूक आहे. हौशी डिटेक्टरला एका नाण्याची खबर हातभर खोलीवरून लागली तरी पुष्कळ. साधारणपणे वीतभरच. दांडिया बाजारातल्या आमच्या एक काकू मशीन बघून म्हणाल्या, "वाड्याखाली हंडा आहे, लावून बघ की रे." लावलं. जुना नळ निघाला.

३. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं: आधारची प्रत, मशीनचं बिल (सेकंड हँड असेल तर विकणाऱ्याची सहीची चिठ्ठी), आणि स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच. सुरक्षेच्या दृष्टीने किनारा नाजूक आहे. कानाला हेडफोन लावून वाळूत काहीतरी शोधणारा माणूस बघून कुणी पोलिसांना फोन केला, तर त्याची चूक नाही. मी एका ठिकाणी अर्ज न देता गेलो आणि अर्धा दिवस बाकावर बसून काढला. साधा अर्ज असता तर चहा पिऊन सुटलो असतो.

सामान: हेडफोन, कोरड्या वाळूसाठी प्लास्टिकची जाळीदार चाळण, पाण्यासाठी लांब दांड्याचा जाळीचा स्कूप, कमरेला दोन खिशांची पिशवी (एक मालाला, एक कचऱ्याला), जाड तळाचे बूट, टोपी, पिण्याचं पाणी, मशीन धुवायला वेगळं गोडं पाणी, लोहचुंबक, वही.

स्कूप बाहेरून मागवायची गरज नाही. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. "साहेब, एवढा मोठा झारा कुठल्या कढईला?" असं त्याने विचारलं. पहिल्या वेळी भोकं अर्ध्या इंचाची पाडली आणि त्यातून एक चमकी डोळ्यांदेखत निसटली. आता आठ मिलिमीटरची आहेत. वाळू निथळायला थोडा वेळ लागतो, लागू दे.

४. आधी घरी सराव

अंगणात किंवा ओळखीच्या शेतात एक रुपयाचं नाणं, चांदीचं जोडवं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी, बाटलीचा बिल्ला आणि खिळा वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि प्रत्येकाचा आवाज कानात बसवा. बायकोची अंगठी पुरणार असाल तर खूण करून ठेवा. हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

दोन गोष्टी तुमच्या लक्षात येतील. आपली एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी लोहचुंबकाला चिकटतात, म्हणून "लोखंड गाळा" ही सोय चालू ठेवली की मशीन त्यांच्यावर गप्प बसतं किंवा अडखळतं. दुसरी गोष्ट जास्त महाग पडणारी: धातू ओळखण्यासाठी मशीन स्क्रीनवर जो आकडा दाखवतं, तो सोन्याच्या नाजूक अंगठीला आणि ॲल्युमिनियमच्या कडीला जवळजवळ सारखाच येतो. कचरा नको म्हणून ते आकडे गाळलेत, की सोनंही गाळलंत. किनाऱ्यावर सोनं हवं असेल तर कड्या उचलाव्या लागतात, याला पळवाट नाही.

सरावासाठी विश्वामित्रीचा काठ निवडू नका. मगरींना हेडफोन दिसत नाही.

५. भरती-ओहोटीचं गणित

आता खरा विषय. नवशिक्या मशीनचे रिव्ह्यू महिनाभर वाचतो आणि भरतीची वेळ स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारतो. उलटं करा.

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशोब मुंबई-कोकणाचा. खंबातच्या आखाताकडे जसजसे वर सरकाल तसतशी भरती उशिरा येते, म्हणून वलसाड-सुरतेला तो नुसता अंदाज म्हणून वापरा आणि नक्की वेळ इन्कॉइसच्या (हैदराबादच्या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या) अंदाजातून किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून काढा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. आपल्याला उधाणाची ओहोटी हवी, कारण एरवी पाण्याखाली असलेला पट्टा तेव्हाच उघडा पडतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा फरक बहुधा सर्वांत मोठा असतो. त्या दिवसांत ओहोटी सकाळी लवकर आणि मग संध्याकाळी येते. बडोद्याहून वलसाडला रेल्वेने अडीच-तीन तास लागतात, म्हणून सकाळची ओहोटी हवी असेल तर आदल्या रात्री वलसाडला मुक्काम करा.

माझा नियम असा: सर्वांत कमी पाण्याच्या वेळेआधी दोन तास कामाला लागायचं, पाण्यामागोमाग खाली सरकायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. "एवढा एक आवाज खणून येतो" म्हणायचं नाही. इकडचा किनारा सपाट आहे. पाणी समोरून भिंतीसारखं येत नाही, बाजूच्या खोलगट पन्हळींतून तुमच्या मागे येतं आणि तुम्ही उभे असता उंचवट्यावर. मोबाइलवर गजर लावा, कारण हेडफोनमध्ये समुद्राचा आवाज ऐकू येत नाही.

६. कुठे जायचं, कुठे नाही

तिथल: वलसाड स्टेशनहून जवळ, गर्दीचं, म्हणून वस्तू हरवणारं. डुमस: सुरतेहून, काळी वाळू आणि भजीच्या गाड्या. दमणचं देवका आणि जांपोर: वापीला उतरून. गुजरातेतल्या दारूबंदीची खरी किंमत डिटेक्टरवाल्याला दमणमध्ये कळते. तिथल्या वाळूत बाटल्यांचे बिल्ले इतके, की पहिल्या तासात माझी कचऱ्याची पिशवी भरली होती. केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे तिथे अर्जही वेगळ्या प्रशासनाकडे करावा लागतो.

नकाशात बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र कावी-कंबोईचा दिसतो. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वर महादेवाचं दर्शन घ्या, प्रसाद घ्या आणि परत या. तिथे वाळू नाही, चिखल आहे. मांडीपर्यंत पाय रुततो, आणि आखाताच्या त्या भागात पाणी फार चढतं. मुंबईला उधाणाला पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, समोर भावनगरकडे तो दहा मीटरच्या घरात जातो. त्या चिखलात मशीन घेऊन उतरणं हा आत्महत्येचा प्रकार आहे.

आणखी एक, हे माझं मत समजा. देवाला वाहिलेलं उचलायचं नाही. गरुडेश्वर, नारेश्वर, चांदोद इथल्या नर्मदेच्या घाटांवर नाणी असतात, विसर्जनानंतर किनाऱ्यावर गणपतीचे दागिने लागतात. कुणी ते मुद्दाम सोडलेलं आहे. हरवलेलं आणि सोडलेलं यात फरक आहे.

७. वाळूवर काम कसं करायचं

मशीन चालू करून ज्या पट्ट्यात काम करणार तिथेच ग्राउंड बॅलन्स करा: धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली हलवत मशीनला ती वाळू ओळखू द्यायची. कोरड्या वाळूवरून ओल्या वाळूत गेलात की पुन्हा करा. तडतड थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनच्या कानाचा तिखटपणा, कमी करा. नवशिक्याला वाटतं, कमी केली तर खोलीवरचं सोनं हुकेल. पण गोंगाटात ते तसंही हुकतंच.

कॉइल वाळूला समांतर आणि जवळजवळ टेकलेली ठेवा. झाडूसारखी टोकाला उचलू नका. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढला पाहिजे. आवाज आला की काटकोनात वळून परत ऐका. दोन्हीकडून सारखा, गोल आवाज आला तर खणा. एकीकडून ओरडला आणि दुसरीकडून गप्प बसला तर बहुधा खिळा, तरी पहिले सहा महिने खणाच.

जागा वाचायला शिका. गाड्या आणि खुर्च्यांजवळच्या कोरड्या वाळूत नाणी पडतात, कारण लोक खिशात हात तिथेच घालतात. अंगठ्या पाण्यात जातात, कारण पाण्यात बोटं आकसतात. लाटा वजनाप्रमाणे माल लावतात: जिथे शंख, खडे आणि शिशाची जाळ्याची वजनं एका ओळीत दिसतील, तिथे त्याच वजनाचं बाकीचंही अडकलेलं असतं. एक शिसं निघालं की मी त्या ओळीवरून हलत नाही. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतो आणि नंतर हळूहळू परत आणून टाकतो, म्हणून पाऊस सरल्यावर समुद्र शांत झाला की पहिल्या उधाणाला जा. भर पावसाळ्यात मात्र घरी बसा.

प्रत्येक खड्डा बुजवा. मुलं पळतात, उंट-घोडे चालतात. निघालेला कचरा परत टाकू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच बिल्ला तुम्हीच पुन्हा खणाल.

८. पाण्यात उतरताना

पहिले दहा-बारा दिवस फक्त वाळूवर. मग गुडघाभर पाणी. कंबरेच्या वर मी आजही जात नाही. एकट्याने तर नाहीच: काठावर एक माणूस हवा आणि त्याच्या हातात मोबाइल. तटरक्षक दलाचा, म्हणजे कोस्ट गार्डचा समुद्रातल्या मदतीसाठीचा क्रमांक १५५४, आणि एरवी ११२.

इकडचं पाणी गढूळ, पाय दिसत नाहीत. पाऊल उचलून टाकू नका, घासत पुढे सरका, म्हणजे वाळूत बसलेला पाकट मासा निसटून जातो. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घुसतो. तसं झालंच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा.

स्कूप कॉइलपासून लांब धरा, नाहीतर मशीन तुमच्याच झाऱ्यावर भुंकत राहील. आवाजाच्या जागी पायाचा अंगठा रोवा, त्याच्या मागे स्कूप लावा आणि एका दमात खेचा. दुसऱ्यांदा लावेपर्यंत वाळू ढासळून वस्तू सरकलेली असते.

नळकांडं, डबा, तारा असलेलं काही लागलं तर हात लावू नका. मागे सरा आणि ११२ लावा.

९. परत आल्यावर मशीन

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू काढा. दांड्याचे सांधे सुटे करून वाळवा. बॅटरीच्या झाकणाचं रबर पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावा. माझं पहिलं मशीन समुद्रात नाही, घरच्या माळ्यावर गंजून मेलं.

१०. सापडलं, आता काय

चालू नाणी तुमचा चहा. जुनं नाणं घासू नका, चिंच-लिंबूही लावू नका. जसं आहे तसं कागदात गुंडाळा, जागा आणि तारीख वहीत लिहा आणि पहिल्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवा.

अंगठी, साखळी, कानातलं हे आजकालचं असेल तर त्याला मालक आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती दुसऱ्याची ठेव असल्यासारखी जपायची असते. मालक शोधायचा प्रयत्न न करता वापरली किंवा विकली तर भारतीय न्याय संहितेत तो अपहार ठरतो. फोटो काढा, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्या. किनाऱ्यावरच्या नारळवाल्याकडे नंबर ठेवा, कारण हरवणारा माणूस आधी त्यालाच विचारतो. सगळी खूण मात्र उघड करू नका. "अंगठी सापडली" एवढंच सांगा, आत काय कोरलंय ते समोरच्याला सांगू दे. माझ्याकडून आजवर तीन अंगठ्या घरी गेल्या, त्यातली एक भरूचच्या एका आजींची. त्यांनी माझ्यासमोर ती लगेच बोटात घातली नाही, आधी नळाखाली धुतली.

मेव्हण्याची अजून मिळालेली नाही. तिथलला साईबाबांच्या मंदिरासमोरच्या पट्ट्यात कुणाला साधी, बिनखड्याची अंगठी लागली तर मला कळवा. आत एक नाव आहे. ते तो सांगेल.